भुऱ्याचा जबडा आणि माझं बोट

ज्यांच्या घरी कुत्रं आहे आणि ज्यांना वाटतं की कुत्र्याच्या तोंडाला वास हा यायचाच, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं नाही तरी चालेल. वाचून मला फोन करून धीर देऊ नका, एवढी विनंती. भुऱ्याच्या आजारपणात मला इतक्या लोकांनी इतका फुकटचा धीर दिलाय की आता कुणी ‘काळजी करू नका’ म्हटलं तरी माझं डोकं फिरतं.

मी शोभा. उस्मानपुऱ्यात घराच्या पुढच्या खोलीत माझं फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायचं दुकान आहे. घरात मी, आमचे हे आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणते. चौथा भुऱ्या, गावठी कुत्रा, वय आठ. दुकानासमोरच्या नालीत सापडला तेव्हा मुठीएवढा होता. मशीनच्या पायडलवर येऊन झोपायचा आणि त्याची झोप मोडू नये म्हणून मी हातशिलाईची कामं काढून बसायची. त्याला मी वाढवलंय. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचल्यावर तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

वास

उन्हाळ्यात कधीतरी सुरू झाला. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायका पदर नाकाला लावायला लागल्या. एकीने तर तोंडावर विचारलं, की इथं उंदीर मेलाय का. तिचा ब्लाउज मी मुद्दाम चार दिवस उशिरा दिला.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, कुत्र्याच्या तोंडाला काय अत्तराचा वास येणार आहे का. आत्यांनी त्यांची नेहमीची टेप लावली, की कुत्रं घरात घेतलं की असंच होतं. आत्यांनी आठ वर्षांत भुऱ्याला हात लावलेला नाही. तो जवळून गेला तरी त्या लुगडं गोळा करून घ्यायच्या.

मग तो एकाच बाजूने खायला लागला. भाकरीचा तुकडा तोंडात घ्यायचा, टाकायचा, पुन्हा घ्यायचा. गाल भिंतीला घासायचा. दाराजवळच्या चुन्यावर त्याच्या लाळेचा पिवळा पट्टा उमटला. तो पुसता पुसता एकदा माझ्या लक्षात आलं की त्यात रक्त आहे.

जवळच्या एका जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. तो मोटारसायकलवरून आला, मोटारसायकल चालूच ठेवली, भुऱ्याच्या मांडीत सुई टोचली आणि ‘गरमी आहे’ म्हणून गेला. असा तीनदा आला. तीनदा गरमीच होती. तोंड उघडून बघायचं त्याला सुचलं नाही. त्याला मी आजही मनातून शिव्या देते. पण खरं सांगायचं तर घरातल्या आम्हा तिघांनाही ते सुचलं नव्हतं. आम्ही तर रोज त्याच्यासोबत होतो.

डबी

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

आत्या मिश्री लावतात. शहरातल्या नव्या पोरींना माहीत नसेल म्हणून सांगते. तंबाखू तव्यावर काळीठिक्कर भाजायची, कुटायची, गाळायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना चोळायची. दात घासायचं निमित्त, बाकी सगळी नशा. आमच्याकडच्या खेड्यापाड्यात निम्म्या बायका लावतात आणि कुणी विचारलं की दाढ दुखते म्हणून सांगतात.

मीही लावते. लावत होते. लग्न होऊन आले त्या वर्षी आत्यांच्याच डबीतून चोरून पहिली चिमूट घेतली. दुकानामागच्या मोरीत उभी राहून, दोन मिनिटांत, चूळ भरून परत मशीनवर. ह्यांना पत्ता नव्हता. गिऱ्हाइकांना तर नव्हताच, तिथं मी टापटिपीची बाई. तोंडात बडीशेप टाकली की झालं.

एका दुपारी भुऱ्या भिंतीला गाल घासत कण्हत होता. मी मोरीत होते, बोटावर मिश्री होती. माझी स्वतःची दाढ ठणकते तेव्हा मिश्रीनं कशी सुन्न होते ते मला पक्कं माहीत. मी त्याला जवळ घेतलं, ओठ वर केला आणि सुजलेल्या हिरडीवर बोट फिरवलं. त्यानं अंग आखडून घेतलं, पण चावला नाही. माझ्यावर त्याचा तेवढा भरवसा होता. थोड्या वेळानं लाळ गाळली, ओकला आणि गपगार पडून राहिला. मी म्हटलं, घाण बाहेर पडली, बरं झालं.

तेव्हापासून दोन महिने, रोज एकदा, कधी दोनदा. तो गप पडायचा आणि मला वाटायचं, अख्ख्या घरात याचं दुखणं मला एकटीलाच कळतं. ह्यांच्यावर, आत्यांवर, त्या सुईवाल्यावर मी त्या जोरावर तोऱ्यात चिडायची. माझं बोट दिसलं की पुढेपुढे तो कोपऱ्यात सरकायला लागला. तेही मी दुखण्यावर ढकललं.

चितेगावची धमकी

माझे दीर चितेगावला एका कंपनीत सुपरवायझर आहेत. रविवारी जेवायला आले. स्वभाव असा की नको तिथं हात घालायचा. सगळ्यांनी सांगूनही त्यांनी भुऱ्याचा गाल कुरवाळला आणि त्यानं त्यांच्या तळहाताला दात लावले. सुया घ्याव्या लागल्या. दिरांचा आरडाओरडा असा की जणू वाघानं धरलं. मग त्यांनीच तोडगा काढला, की कंपनीच्या गेटवर कुत्रं लागतंच, तिथं साखळीनं बांधून टाकू.

मी भांडले. ताटावरून उठून भांडले. हे ताट संपवून हात धुऊन आले आणि म्हणाले, “आता यो पुन्हा कुणाला बी चावला, तर चितेगाव. मग मला काय बोलायचं नाय.” ह्यांचं एक आहे, बोलले की मागे हटत नाहीत. मला चितेगावचं ते गेट डोळ्यांसमोर दिसायला लागलं. दिवसभर ट्रकची धूळ, आणि सडलेल्या तोंडाचा माझा कुत्रा हातभर साखळीला. तिथं तो महिनाभरही जगला नसता.

नळाचा दिवस

दुसऱ्याच आठवड्यात त्याच्या जबड्याखाली गाठ आली आणि फुटली. पू गळायला लागला. कुणीतरी शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. जनावरांच्या दातांचं काम करतात म्हणे. जायचं ठरलं तो नेमका नळाचा दिवस. आमच्याकडे नळ कधीतरी आठवड्यानं येतो आणि त्या दिवशी माणूस मेलं तरी आधी टाकी भरतात. हे पाइप धरून उभे. मी एकटीच भुऱ्याला रिक्षात घेऊन गेले. वाटभर ह्यांना मनातल्या मनात काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

दवाखान्यात बाकड्यावर एक बाई पांढरं झुपकेदार कुत्रं घेऊन बसली होती. तिनं भुऱ्याकडे बघून आपलं कुत्रं मांडीवर घेतलं. मीही तिच्याकडे तसंच बघितलं.

तिथं कुत्री धरायला रफिकभाई नावाचे पन्नाशीचे गृहस्थ आहेत. माणसांशी फारसं बोलत नाहीत. त्यांनी भुऱ्याला मागून काखेत घेतलं, डॉक्टर मॅडमनी तोंड उघडलं आणि मी पहिल्यांदा नीट आत बघितलं. खालच्या उजव्या बाजूची मोठी दाढ तुटलेली. तिच्याभोवती हिरडी अशी राहिलीच नव्हती. जे होतं ते काळं, चामड्यासारखं. जबड्याचा एक्स-रे फोटो काढला. मॅडमनी तो दिव्यावर धरून दाखवला. दाढेचा पू हाडात उतरला होता आणि हाड पोखरलं होतं. नुसती दाढ काढून भागणार नव्हतं, जबड्याचा तो तुकडाच कापून काढायला हवा होता. नाही काढला तर एके दिवशी खाताखाता जबडा मोडेल, किंवा त्याआधी पू रक्तात जाईल. त्या हे सगळं शांतपणे सांगत होत्या. मला तो शांतपणाही सहन होईना.

“हिरडी इतकी काळी कशानं झाली? भाजल्यासारखी आहे,” मॅडमनी विचारलं.

मी म्हटलं, इस्त्रीचे कोळसे चघळतो.

इतक्या सहज आलं ते तोंडातून. मॅडमनी कागदावर लिहूनही घेतलं. चार दिवसांनी ऑपरेशन ठरलं. तोवर गोळ्या. आदल्या संध्याकाळपासून पोट रिकामं ठेवायचं आणि तोंडात काहीही घालायचं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

घरी आले तर टाकी भरलेली होती आणि हे खुशीत होते. जबडा कापायचाय म्हटल्यावर आत्या म्हणाल्या, “कुत्र्याचे बी दात दुखतेत व्हय? लई नवीन ऐकलं बाई.” मी त्यांच्या अंगावर ओरडले. वयाचा मान ठेवला नाही. त्या दिवशी जेवण कुणीच नीट केलं नाही.

ऑपरेशनची सकाळ

चार दिवस मी मिश्रीला हात लावला नाही, म्हणजे भुऱ्यासाठी. स्वतःसाठी लावत होतेच. त्याचं दुखणं मात्र वाढलं. बोटाचं बधिर करणं थांबल्यावर तो सगळ्यांवर गुरगुरायला लागला.

त्या सकाळी रिक्षा दारात आली. हे भुऱ्याचं तोंड पट्टीनं बांधायला गेले तर त्यानं दात दाखवले. ह्यांनी हात मागे घेतला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. रिक्षावाला म्हणाला, चावणारं कुत्रं मी नेत नाही. हे म्हणाले, रिक्षावाल्याला लागलं तर दवाखाना ऱ्हायला बाजूला, आजच चितेगाव.

मी म्हटलं, दोन मिनिटं थांबा. भुऱ्याला मोरीत नेलं, दार लावलं आणि भरपूर मिश्री घेऊन चोळली. एकदा. तो गप होईना म्हणून पुन्हा एकदा, हिरडीच्या पार मागेपर्यंत. तो तोंड फिरवत होता, मी मान धरून ठेवली होती. मग तो ढिला पडला. मी त्याला उचलून रिक्षात ठेवलं आणि ह्यांच्याकडे असं बघितलं, की बघा, माझं कसं ऐकतो.

दवाखान्यात टेबलावर घेतल्यावर मॅडमनी छातीला नळी लावली. बराच वेळ लावून ठेवली. पुन्हा लावली. ठोके वेडेवाकडे होते, लाळ थांबत नव्हती आणि मागचे पाय थरथरत होते. त्यांनी विचारलं, कालपासून पोटात काय गेलंय. हे म्हणाले, काहीच नाही. उंदराचं औषध? तंबाखू? कुठली गोळी?

हे म्हणाले, “आमची आई मिश्री लावती. डबी खालीच ऱ्हाती तिची. चाटली असंल यानं.”

आणि मी मान हलवली. हो म्हणून.

त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते सांगते. सुटले, असं होतं. म्हातारीवर गेलं तर गेलं. तिचं कुत्र्यावर प्रेम नाहीच, तिला कुठं काय लागणार आहे. मी हे पूर्ण वाक्यांत मनात बोलले. भुऱ्या टेबलावर थरथरत होता आणि मी हा हिशेब करत होते.

मॅडम म्हणाल्या, नुसती चाटली असेल तर थोडी गेली असेल, तासभर बघू आणि मग भूल देऊ. हाडाचं काम लांबवण्यासारखं नाही. त्यांनी रफिकभाईंना तयारी करायला सांगितलं. रफिकभाईंनी भुऱ्याच्या पुढच्या पायाचे केस मशीननं कातरायला घेतले. एरवी कुणी पायाला नुसता हात लावला तरी तो उसळून उठायचा. त्या दिवशी त्यानं डोळेसुद्धा हलवले नाहीत.

तेवढं बघितलं आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, “चाटली नाय. मी लावली, बोटानं. आज सकाळी दोनदा, लई. आणि दोन महिने रोज.”

रफिकभाईंनी मशीन बंद केलं. मॅडम मला ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मीही ओरडले असते आणि मला बरं वाटलं असतं. त्यांनी किती, केव्हा, कुठं एवढंच विचारलं आणि ऑपरेशन रद्द केलं. एवढ्या तंबाखूवर भूल दिली असती तर हृदय बंद पडलं असतं, असं त्या ह्यांना म्हणाल्या. मला नाही, ह्यांना. हे माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या बोटाकडे बघत होते.

दोन दिवस

भुऱ्याला तिथंच ठेवून घेतलं, सलाइन लावून. घरात शिरल्यावर आत्यांना सगळं सांगितलं ते ह्यांनीच, माझ्यासमोर. सव्वीस वर्षं लपवलेलं दोन वाक्यांत बाहेर पडलं.

आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, “तू लावतीस ते मला पयल्यापासून ठावं हाय. डबी माझीच कमी व्हती ना. मी म्हटलं, लावू दे, थकती पोरगी. पर त्या मुक्या जनावराला? त्याला नको बी म्हणता येत नाय.”

मी उठून दुकानात जाऊन बसले. आत्यांचा मला संताप आला होता. एवढी वर्षं माहीत असून एका शब्दानं बोलल्या नाहीत, ह्याचा. आणि आता बोलल्या ते बरोबर बोलल्या, ह्याचाही. मी खूप रडले. एका गिऱ्हाइकानं दार वाजवलं, तिला हाकलून दिलं.

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. अडीच तास. हे आणि मी बाकड्याच्या दोन टोकांना. मला देवाला काही सांगायचं सुचलं नाही. फक्त मरू नको, एवढंच चाललं होतं डोक्यात. मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, निभावलं. उजवीकडच्या जबड्याचा तीन बोटं लांबीचा तुकडा गेला होता. त्यांनी वाडग्यात ठेवून दाखवला. बोटानं दाबला तर हाड असूनही दबत होतं. ज्यांना ‘वास तर यायचाच’ म्हणायचं आहे त्यांनी हा तुकडा बघायला हवा होता.

घरी

आता व्यवहाराचं थोडं सांगते, कुणाच्या उपयोगी पडेल. जबड्याचा तुकडा गेलेलं कुत्रं जेवतं. जीभ एका बाजूनं लोंबते, लाळ गळते, पाणी पिताना अर्धं सांडतं. आठ-दहा दिवस पातळ द्यावं लागतं. गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालतात, त्यामुळं ते दाराला आपटत फिरतं. बघायला येणारे ‘अरेरे’ म्हणतात, त्यांना चहा देऊ नये म्हणजे लवकर जातात. कुत्र्याचे ओठ आठवड्यातून एकदा वर करून आत बघा. काळं, सुजलेलं, तुटलेलं काहीही दिसलं तर दवाखान्यात न्या. घरातलं काही लावू नका. हळद नाही, लवंग नाही, आणि बाकीचं मी लिहिलंच आहे.

चितेगावचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. दिरांनी एकदा फोनवर काढला, तेव्हा हे म्हणाले, आता तो चावायचा नाही. ह्यांनी माझी बाजू घेतली असं मला क्षणभर वाटलं. नंतर कळलं, भुऱ्याची घेतली होती.

मी मिश्री सोडली. त्याचं कौतुक नको. पहिले पंधरा दिवस मी घरातल्या प्रत्येकावर खेकसत होते, ते माझं मलाही ऐकवत नव्हतं.

भुऱ्याला पेज भरवायचं काम मी घेतलं. वाटी घेऊन समोर बसले की तो मान वळवायचा. चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटायचा, टाके असूनही. मी वाटी खाली ठेवून लांब जायची, तरी खायचा नाही. दोन दिवस तो उपाशी राहिला. तिसऱ्या दिवशी आत्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली. लुगडं गोळा करून त्याच्याजवळ बसल्या आणि ज्वारीच्या पिठाची पेज चमच्यानं भरवायला लागल्या. “खा बाबा,” म्हणाल्या. त्यानं सगळी खाल्ली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला आनंद झाला नाही, तो जगणार हे कळत असूनही झाला नाही. मला म्हातारीचा हेवा वाटला.

टाके

अकराव्या दिवशी टाके बघायला नेलं. हे आले होते, पण बाहेर रिक्षाजवळच थांबले. मी भुऱ्याला टेबलावर ठेवलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मॅडमनी ओठाला हात लावला. त्यानं तोंड मिटून घेतलं आणि सगळं अंग दगडासारखं केलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. जोर लावला तर टाके उसवतील म्हणून थांबल्या.

रफिकभाई म्हणाले, “बाजी, तुमे जरा बाहर ठैरो. तुम रहे तो उने मुंह नै खोलता.”

मी म्हटलं, मी वाढवलंय त्याला. आठ वर्षं.

त्यांनी माझ्या हाताखालून भुऱ्याला आपल्याकडे घेतलं. मॅडम खाली बघत राहिल्या. मला दोघांचाही भयंकर राग आला. पंधरा-वीस दिवसांची ओळख आणि हे मला सांगणार. मी तणतणत बाहेर गेले आणि दार लावून घेतलं.

दाराला वर काच आहे. तिच्यातून बघितलं. रफिकभाईंनी भुऱ्याच्या गळ्याखाली तळहात धरला होता. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्यानं तोंड उघडलं, आपणहून, अर्धा जबडा आणि लोंबणारी जीभ घेऊन जेवढं उघडता येतं तेवढं. मॅडम आत वाकून बघत होत्या. त्याची शेपटी टेबलावर हलत होती.

मग त्यानं डोळे दाराकडे वळवले. मी पटकन काचेपासून बाजूला झाले आणि टाके बघून होईपर्यंत भिंतीला लागून उभी राहिले.